आफ्रिकेच्या फुटबॉलचं पंचांग कुणाच्या हातात?

मोरोक्कोत झालेल्या आफ्रिका कप ऑफ नेशन्स स्पर्धेत खेळाडूंइतकाच एक प्रेक्षक गाजला. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचा सामना असला की हा गृहस्थ सूट-टाय आणि चष्मा घालून स्टँडमध्ये उभा राहायचा, उजवा हात वर करायचा आणि मग सामना संपेपर्यंत हलायचा नाही. भोवती ढोल, नाच, आरडाओरडा. हा मात्र दगडासारखा. किन्शासात पॅट्रिस लुमुम्बांचा पुतळा आहे, त्याची ही जितीजागती प्रतिकृती. लुमुम्बा हे स्वतंत्र काँगोचे पहिले पंतप्रधान. १७ जानेवारी १९६१ रोजी त्यांचा खून झाला. त्याची नैतिक जबाबदारी बेल्जियमवर येते, असं पुढे बेल्जियमच्याच संसदीय चौकशीनं म्हटलं. फुटबॉलचा सामना बघायला आलेला माणूस नव्वद मिनिटं पासष्ट वर्षांपूर्वीचा खून अंगावर धरून उभा राहतो, हे दुसऱ्या कुठल्या स्पर्धेत घडलं असतं असं मला वाटत नाही.

ही स्पर्धा आजवर दर दोन वर्षांनी व्हायची. आता ती चार वर्षांनी होणार आहे.

घोषणा २० डिसेंबर २०२५ ला रबातमध्ये झाली, म्हणजे स्पर्धेच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. आफ्रिकन फुटबॉल महासंघाचे, म्हणजे 'कॅफ'चे अध्यक्ष पॅट्रिस मोट्सेपे यांनी कार्यकारी समितीच्या बैठकीनंतर पत्रकारांना सांगून टाकलं : २०२७ ची स्पर्धा ठरल्याप्रमाणे केनिया, टांझानिया आणि युगांडात होईल, मग २०२८ मध्ये एक होईल आणि तिथून पुढे चार वर्षांनी एक. मधली पोकळी भरायला २०२९ पासून दरवर्षी 'आफ्रिकन नेशन्स लीग'. सोबत गोड घासही होता, विजेत्यांचं बक्षीस ७० लाख डॉलरवरून एक कोटी डॉलर. मांडव सजलाय, वऱ्हाड दारात आहे आणि घरातले वडीलधारे तेवढ्यात वाटणीपत्र वाचून दाखवतायत, असा तो सगळा प्रकार.

मला हा निर्णय चुकीचा वाटतो. दोन वर्षांचा फेरा फार पवित्र आहे, असं माझं म्हणणं नाही. पण आफ्रिकेच्या फुटबॉलचं भलं करायचं म्हणून कुणी कोऱ्या कागदावर वेळापत्रक मांडायला बसलं असतं, तर ते या उत्तरापाशी पोचलं नसतं. या उत्तरापाशी पोचायला युरोपातल्या क्लबांचं आणि फिफाचं पंचांग आधी समोर ठेवावं लागतं आणि त्यात उरलेल्या फटी शोधाव्या लागतात.

आधी थोडं मागे जाऊ. फेब्रुवारी १९५७. आफ्रिकेतले बहुतेक देश तेव्हा स्वतंत्रही झाले नव्हते. घानाच्या स्वातंत्र्याला अजून महिना होता. सुदानची राजधानी खार्तुममध्ये इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका या चार देशांनी मिळून कॅफ स्थापन केला आणि लगोलग पहिली स्पर्धाही भरवली. संघ चार, प्रत्यक्षात खेळले तीन. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीला एक तर सगळा गोरा संघ पाठवायचा होता, नाहीतर सगळा काळा. एकत्र नाही. बाकीचे म्हणाले, मग येऊच नका. त्यामुळे उपांत्य फेरीत इथिओपियाला पुढे चाल मिळाली आणि अंतिम फेरीत इजिप्तनं त्यांना ४-० असं धुतलं. चारही गोल अद-दिबा या एकट्या खेळाडूचे.

युरोपच्या राष्ट्रांची स्पर्धा सुरू झाली १९६० साली. म्हणजे आफ्रिकेची तीन वर्षांनी थोरली. आणि वर्णद्वेषाचं म्हणाल तर फिफानं दक्षिण आफ्रिकेला १९६१ साली निलंबित केलं, १९६३ मध्ये निलंबन उठवलं, १९६४ मध्ये पुन्हा लादलं आणि सोवेतोतल्या गोळीबारानंतर १९७६ साली एकदाचं बाहेर काढलं. खार्तुमला पहिल्या दिवशी जे समजलं ते समजायला झुरिकला, म्हणजे फिफाच्या मुख्यालयाला, १९ वर्षं लागली.

या स्पर्धेची दोन वर्षांची चाल कुणाच्या हौसेतून आलेली नाही. साठच्या दशकात विश्वचषकाचं दार आफ्रिकेला जवळजवळ बंदच होतं. १९६६ च्या स्पर्धेसाठी फिफाचा नियम असा होता की आफ्रिकेच्या विजेत्यानं आशिया आणि ओशिआनियाच्या विजेत्याशी लढायचं आणि त्यातून एकच संघ इंग्लंडला जायचा. तीन खंडांना मिळून एक जागा! घानाचे ओहेने जान आणि इथिओपियाचे यिदनेकाच्यू तेसेमा यांनी पुढाकार घेतला आणि आफ्रिकी देशांनी विश्वचषकावर बहिष्कार टाकला. तो फळाला आला. १९७० पासून आफ्रिकेला एक हक्काची जागा मिळाली. मोरोक्को मेक्सिकोला गेला. पण एक जागा म्हणजे बाकीच्या साऱ्या खंडानं घरी बसायचं. त्यांनी खेळायचं कुठे? तर इथे. १९६८ पासून सम वर्षी ही स्पर्धा नेमानं होऊ लागली. २०१२ नंतर ती लगेच २०१३ मध्ये घेऊन विषम वर्षांवर नेली ती विश्वचषकाच्या वर्षाशी टक्कर नको म्हणून. स्पर्धेनं दुसऱ्यासाठी सरकून घेण्याची ती पहिली वेळ नव्हती आणि शेवटचीही नाही.

२०१७ साली कॅफनं संघ सोळाचे चोवीस केले आणि स्पर्धा जानेवारीतून उचलून जून-जुलैत नेली. युरोपातले हंगाम मेअखेर संपतात, तेव्हा खेळाडू मोकळे असतात, कुणाची कुरकुर राहणार नाही, असा हिशेब. कागदावर छान. पण आपल्याला कुणी सांगितलं की हवा छान असते तेव्हा, म्हणजे जून-जुलैत, रत्नागिरीत स्पर्धा भरवा, तर आपण त्या माणसाच्या हातात छत्री देऊ. कोत दिव्वारमधल्या, म्हणजे आयव्हरी कोस्टमधल्या, आबिदजानलाही जूनमध्ये असाच कोसळतो. नव्या महिन्यांत ही स्पर्धा आजवर एकदाच होऊ शकली, २०१९ साली इजिप्तमध्ये, तीही भाजून काढणाऱ्या उन्हात. कॅमेरूनची २०२१ ची आणि कोत दिव्वारची २०२३ ची, दोन्ही पावसापायी पुन्हा जानेवारीत न्याव्या लागल्या. (कॅमेरूनची पुढे करोनामुळे आणखी वर्षभर लांबली, ते वेगळं.) जानेवारी ही आफ्रिकेची खोडी नाही. विषुववृत्ताच्या आसपासच्या मोठ्या प्रदेशात तो कोरडा, खेळण्याजोगा महिना आहे, इतकी साधी गोष्ट आहे. 'हंगामाच्या मधोमध' हे शब्द युरोपच्या हंगामापुरते खरे आहेत.

मोरोक्कोची ताजी स्पर्धा तर आणखी बोलकी. ती २०२५ च्या उन्हाळ्यात व्हायची होती आणि मोरोक्कोत पावसाची अडचणही नव्हती. अडचण होती फिफाची. फिफानं ३२ संघांची नवी क्लब विश्वचषक स्पर्धा १४ जून ते १३ जुलै २०२५ या काळात अमेरिकेत ठेवली. म्हणून आफ्रिका तिथून हलली. जानेवारीत जावं तर युरोपच्या चॅम्पियन्स लीगनं आपली साखळी फेरी वाढवून जानेवारीत पाय पसरलेले. म्हणून ती तिथूनही अर्धी हलली. शेवटी २१ डिसेंबर ते १८ जानेवारी असा नाताळ आणि नववर्ष पोटात घेऊन बसलेला तुकडा तिच्या वाट्याला आला. त्यातही क्लबांनी खेळाडू ८ डिसेंबरला सोडायचे होते. ऐन वेळी फिफानं ती तारीख १५ डिसेंबर केली. म्हणजे ज्या स्पर्धेची तयारी दोन वर्षं चालते तिच्यासाठी पूर्ण संघ एकत्र येऊन सराव करायला मिळाला जेमतेम आठवडा. आणि इतकं सरकून, दबून, अंग चोरून घेतल्यावर तिला सांगण्यात आलं की तू फार वेळा येतेस.

चार वर्षांची कल्पना मोट्सेप्यांची नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फान्टिनो यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये मोरोक्कोतच एका परिसंवादात ती जाहीरपणे मांडली होती. पुढच्याच वर्षी मोट्सेपे कॅफचे अध्यक्ष झाले, बिनविरोध. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या एवढंच मी म्हणतो.

क्लबांची बाजू खोटी आहे असं मात्र नाही. पगार ते देतात. हंगामाच्या ऐन मध्यावर मुख्य आघाडीपटू पाच-सहा आठवडे जातो, क्वचित दुखापत घेऊन परत येतो. लिव्हरपूलनं २०२२ च्या जानेवारीत इजिप्तचा सालाह आणि सेनेगलचा माने दोघंही गमावले होते. प्रशिक्षकाला त्याचा त्रास होणार. तिथले तेव्हाचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांच्या तोंडून 'छोटीशी स्पर्धा' असे शब्द गेले आणि गदारोळ झाल्यावर आपण ते उपरोधानं म्हटलं होतं असा खुलासा त्यांना करावा लागला. मला तो खुलासा पटतो. पण उपरोध कळावा अशी परिस्थिती नव्हती, कारण न-उपरोधानं तेच म्हणणारे पुष्कळ होते.

मात्र क्लब आफ्रिकी खेळाडू विकत घेतात तेव्हा काय घेतात ते पाहा. सादिओ माने सेनेगलमधल्या जेनेरासियों फूट या अकादमीत घडला. तिचं फ्रान्सच्या मेट्झ क्लबशी संधान आहे. चांगली मुलं तिथून थेट मेट्झला जातात. कोलो आणि याया तुरे, सालोमॉन कालू, जेर्विन्हो ही सगळी आबिदजानच्या आसेक मिमोसा क्लबच्या अकादमीची मुलं. मोहम्मद सालाह कैरोच्या अरब कॉन्ट्रॅक्टर्स क्लबातून बासेलला गेला. त्यांना वाढवणाऱ्यांच्या हाती पुढच्या सौद्यांच्या मानानं चिल्लर पडते. जानेवारीत हा मुलगा देशासाठी जाणार हे करार करतानाच ठाऊक असतं. ते किमतीत धरलेलं असतं. घर घेताना शेजारी देऊळ आहे म्हणून कमी भाव द्यायचा आणि राहायला गेल्यावर घंटेचा त्रास होतो म्हणून तक्रार करायची, यातली गत.

कोत दिव्वारचा सेबास्टियन हालेर हॉलंडच्या आयाक्स क्लबकडून खेळत होता तेव्हा एका डच वृत्तपत्रानं त्याला विचारलं, जानेवारीत क्लबसोबत राहायला आवडेल की आफ्रिकेला जायला? तो उखडला. युरो स्पर्धा तोंडावर असताना हा प्रश्न युरोपातल्या एखाद्या खेळाडूला विचाराल का, असा त्याचा रोख होता. त्यानंतर सहा-सात महिन्यांतच, २०२२ च्या जुलैत, हालेरला कर्करोगाचं निदान झालं. उपचार, शस्त्रक्रिया, मग पुन्हा मैदान. आणि ११ फेब्रुवारी २०२४ ला आबिदजानजवळच्या एबिंपेच्या मैदानावर नायजेरियाविरुद्ध अंतिम सामन्यात ८१ व्या मिनिटाला पाय लांबवून त्यानं चेंडूला नुसता स्पर्श केला आणि कोत दिव्वारनं २-१ असा चषक जिंकला. या संघाची कथा सांगायचा मोह आवरत नाही. यजमान असून गटात इक्वेटोरियल गिनीकडून ०-४ असा मार खाल्ला, प्रशिक्षक गासे यांना स्पर्धा चालू असतानाच घरी पाठवलं, तिसऱ्या क्रमांकाच्या संघांतून कसेबसे पुढच्या फेरीत आले आणि साहाय्यक प्रशिक्षक एमर्स फाए यांच्या हाताखाली थेट विजेते झाले. कुठल्याही पटकथाकाराला निर्मात्यानं हे परत लिहून आण म्हणून हाकललं असतं.

आता मूळ समर्थनाकडे येऊ. चार वर्षांच्या फेऱ्यामुळे खेळाडूंचा ताण कमी होईल, जागतिक वेळापत्रकाशी मेळ बसेल आणि स्पर्धेची प्रतिष्ठा वाढेल, असं सांगितलं जातं.

ताणाचा हिशेब मांडून बघू. चोवीस संघांच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत जाणारा संघ सात सामने खेळतो. चार वर्षांत दोन स्पर्धा, जास्तीत जास्त चौदा सामने. त्यातले सात कमी झाले. आणि त्यांच्या जागी दरवर्षी नेशन्स लीग, सप्टेंबर ते नोव्हेंबर. वर्षाला चार सामने धरले तरी चार वर्षांत सोळा. पात्रता फेरीतले काही सामने त्यात जिरतील हे मान्य करू, तरी खेळाडूच्या गुडघ्याला यातून विश्रांती मिळते असं गणित मला तरी सुटत नाही. बदलतं ते एवढंच की हे सामने फिफानं आंतरराष्ट्रीय फुटबॉलसाठी आधीच राखून ठेवलेल्या तारखांना होतील, आणि क्लबला जानेवारीत कुणाला सोडावं लागणार नाही. फायदा कुणाचा ते यातच आलं. तसं उघड म्हटलं असतं तर निदान वाद तरी प्रामाणिकपणे घालता आला असता.

प्रतिष्ठेचा मुद्दा त्याहून कच्चा. दुर्मीळ झालं की मोल वाढतं म्हणतात. फुटबॉलचा आशिया चषक कधीपासून चार वर्षांनी होतो. त्याला युरोची प्रतिष्ठा आली का? २०२४ च्या जानेवारीत आशियाची स्पर्धा कतारमध्ये आणि आफ्रिकेची कोत दिव्वारमध्ये एकाच वेळी चालू होती. भारत आशियाच्या स्पर्धेत होता, तीन सामने हरला, एकही गोल करू शकला नाही. जगाचं लक्ष कुठे होतं ते सांगायला नको. तिकडे दक्षिण अमेरिकेची कोपा अमेरिका तर कशीही भरते; २०१५ मध्ये झाली, लगेच शंभरी म्हणून २०१६ मध्ये झाली, मग २०१९, मग २०२१. तिच्या प्रतिष्ठेची काळजी करताना मी कुणाला पाहिलं नाही.

मोठ्या देशांना चार वर्षांनी फार फरक पडत नाही. सेनेगल, मोरोक्को, इजिप्त, नायजेरिया यांना विश्वचषकाची तरी आशा असते. २०२६ पासून आफ्रिकेला थेट नऊ जागा मिळाल्यात. पण कॅफचे सदस्य ५४ आहेत. केप व्हर्देचं उदाहरण घ्या. अटलांटिकमधली दहा बेटं, सगळी मिळून पाच लाखांच्या आसपास वस्ती; आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. हा देश २०१३ साली पहिल्यांदा या स्पर्धेत आला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. मग २०१५, २०२१, २०२३. हरले, शिकले, युरोपात जन्मलेली आपली पोरं शोधून आणली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅमेरूनला मागे टाकून विश्वचषकाला पात्र ठरले. आता हाच फेरा चार वर्षांचा होता अशी कल्पना करा : २०१३, २०१७, २०२१, २०२५. यातल्या २०१७ आणि २०२५ ला ते पात्रच ठरले नव्हते. म्हणजे बारा वर्षांत दोन स्पर्धा. एका पिढीच्या हाताला काय लागलं असतं?

चार वर्षांच्या फेऱ्यात एकदा चुकलं तर काय होतं, हे आपल्याला गोव्यानं नुकतंच दाखवलंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्याच्या मैदानावर भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशिया चषकातून बाद झाला. रँटी मार्टिन्स आणि ओडाफा ओकोली या नायजेरियन आघाडीपटूंनी डेम्पो आणि चर्चिल क्लबांसाठी गोलांचा पाऊस पाडला त्याच गोव्यात, एका संध्याकाळी. पुढची संधी आता २०३१. म्हणजे २०२४ च्या जानेवारीत कतारमध्ये वीस वर्षांचा असलेला आपला मुलगा पुन्हा त्या व्यासपीठावर जाईल तेव्हा सत्तावीसचा असेल, तेही गेला तर. एक वाईट संध्याकाळ आणि सात वर्षं. दोन वर्षांच्या फेऱ्यात हीच संध्याकाळ विसरता येते.

झांबियाची गोष्ट इथे आठवते. २७ एप्रिल १९९३ ला त्यांच्या राष्ट्रीय संघाचं विमान गॅबनच्या लिब्रव्हिल शहराजवळ समुद्रात कोसळलं. विमानातले तीसही जण गेले. कालुशा ब्वाल्या हॉलंडहून वेगळा जाणार होता म्हणून वाचला. त्यानं नव्या पोरांना घेऊन संघ उभा केला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, एप्रिल १९९४ मध्ये, झांबिया या स्पर्धेच्या अंतिम फेरीत होता. नायजेरियाकडून हरले. चषक मिळाला २०१२ साली, पेनल्टी शूटआउटमध्ये द्रोग्बाच्या कोत दिव्वारला हरवून, आणि सामना होता त्याच लिब्रव्हिलमध्ये. खेळाडूंनी आधी किनाऱ्यावर जाऊन फुलं वाहिली होती.

दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही. तो यजमानपदाच्या खर्चाचा. दर दोन वर्षांनी कुणीतरी चोवीस संघांची बडदास्त ठेवायची. लिबियाकडून दोनदा यजमानपद गेलं ते युद्धामुळे. पण २०१९ चं कॅमेरूनकडून काढून घेतलं ते तयारी झाली नाही म्हणून आणि २०२५ चं गिनीकडून गेलं तेही त्यामुळेच. अंगोलानं २०१० साठी चिनी कंपन्यांकडून चार नवी मैदानं बांधून घेतली. त्यातलं एक काबिंडा प्रांतात. त्याच काबिंडात स्पर्धेच्या तोंडावर टोगो संघाच्या बसवर फुटीरतावाद्यांनी गोळीबार केला आणि संघाची माणसं मारली गेली. २४ जानेवारी २०२२ ची, कॅमेरूनची राजधानी याउंदेतली रात्र तर विसरण्यासारखी नाही. ओलेंबे मैदानात कॅमेरूनविरुद्ध पदार्पणातलं कोमोरोस खेळत होतं. एक गोलरक्षक जखमी, दुसरे करोनानं अडकलेले, म्हणून शाकेर अल्हादूर हा बचावफळीतला खेळाडू गोलात उभा राहिला, पाठीवर चिकटपट्टीनं त्याचा आकडा चिकटवून. सातव्या मिनिटाला कप्तानाला लाल कार्ड. तरी कोमोरोस १-२ असंच हरलं. जग त्या गोलरक्षकाचं कौतुक करत असताना मैदानाच्या दारापाशी चेंगराचेंगरी होऊन आठ माणसं मेली होती. आत आणि बाहेर एकाच वेळी.

आणि मोरोक्को. २०२५ च्या सप्टेंबरअखेर तिथली तरुण मुलंमुली रस्त्यावर उतरली होती. त्यांची घोषणा होती : स्टेडियमं तर दिसतायत, हॉस्पिटलं कुठायत? तिला उत्तर देणं सोपं नाही. मी आफ्रिकेच्या स्पर्धेची कितीही वकिली केली तरी त्या प्रश्नासमोर गप्प बसेन.

पण चार वर्षांचा फेरा हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे का? मोरोक्कोतला खर्च मुख्यतः २०३० च्या विश्वचषकासाठी आहे, आणि तो चार वर्षांनीच होतो. खर्च अंतरानं वाढत नाही, मागण्यांनी वाढतो. चाळीस-पन्नास हजारांच्या मैदानांचा हट्ट सोडा, तीन-तीन देशांना मिळून यजमानपद द्या, आधीची मैदानं पुन्हा वापरा. पूर्व आफ्रिकेत २०२७ ला हेच होणार आहे. आणि पैशाचंच बोलायचं तर ही स्पर्धा हाच कॅफच्या उत्पन्नाचा मुख्य झरा आहे. तो निम्मा करून नेशन्स लीग तो भरून काढेल असं म्हणणं म्हणजे दुभती गाय विकून कालवडीवर संसार लावणं. होईलही कालवडीची गाय. दरम्यान मुलांनी काय प्यायचं?

आपण मराठी वाचक इथे पटकन आफ्रिकेच्या बाजूनं मान हलवू. श्रीमंत गोऱ्या क्लबांची दादागिरी वगैरे. पण क्रिकेटमध्ये हीच खुर्ची आपल्याकडे आहे. आयपीएलसाठी जगाच्या वेळापत्रकात अडीच महिने मोकळे ठेवले जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेनं न्यूझीलंडच्या कसोटी दौऱ्यावर चक्क दुय्यम संघ पाठवला, कारण मुख्य खेळाडू त्यांच्या देशातल्या एसए-ट्वेंटी लीगमध्ये अडकले होते आणि त्या लीगच्या सहाही संघांचे मालक आयपीएलचेच मालक आहेत. नील ब्रँडनं कारकिर्दीतल्या पहिल्याच कसोटीत कप्तानी केली. माउंट माँगानुईला ते २८१ धावांनी हरले. आपल्याकडे त्या सामन्याची आठवण निघालीच, तर रचिन रवींद्रच्या २४० धावांपायी निघते.

केनियाचं सांगायचं राहिलं. १९९६ ची स्पर्धा मुळात त्यांना मिळाली होती. तयारी पुरी पडली नाही, यजमानपद काढून घेतलं आणि नव्यानं आत आलेल्या दक्षिण आफ्रिकेला दिलं. १९५७ साली ज्यांना काळे-गोरे एकत्र आणत नाही म्हणून दारातून परत पाठवलं होतं, त्यांनी ३९ वर्षांनी काळ्या-गोऱ्यांचा एकच संघ उतरवून ट्युनिशियाला २-० असं हरवलं. मंडेला संघाची जर्सी घालून आले होते. गोऱ्या नील टोवीनं चषक उचलला. नैरोबीला ते सगळं टीव्हीवर बघावं लागलं.

पूर्व आफ्रिकेत ही स्पर्धा शेवटची झाली ती १९७६ मध्ये, इथिओपियात. केनिया, टांझानिया आणि युगांडा या तिघांनी ती एकदाही भरवलेली नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्थानिक खेळाडूंची छोटी आफ्रिकन स्पर्धा तिथे झाली तेव्हा नैरोबीच्या कासारानी मैदानाबाहेर इतकी झुंबड उडाली की कॅफला प्रेक्षकसंख्येवर मर्यादा घालावी लागली. केनियानं गटात मोरोक्कोला १-० असं हरवलं होतं. आता २०२७ ला त्यांची पाळी, यजमानपद हुकल्यापासून तीसहून अधिक वर्षांनी. त्यानंतर २०२८, २०३२, २०३६. रांगेत उरलेले देश कागद-पेन्सिल घेऊन आपापली पाळी केव्हा येते ते मोजत असतील.